शाकारणी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस शाकारणीचा असे. आजोबा आणि दोन गडी पाख्यावर चढत आणि आम्हा पोरांना माळ्यावर पाठवत. माळ्यावर काळोख, पेंढ्याचा वास, अंगाला चिकटणारी जळमटं. आमचं काम एकच, उजेड शोधायचा. कौल सरकलेलं किंवा फुटलेलं असेल तिथून उन्हाची बारीक तिरीप आत येई. तिथे खालून काठी टोचायची आणि ओरडायचं, "इथे आहे, इथे!" वर काठीचं टोक दिसलं की आजोबा तेवढं कौल बदलत. मृग लागायच्या आत हे उरकायलाच हवं. घर जुनं झालं म्हणून शाकारणी नव्हती. नव्या घराचीही दर वर्षी होई.

हा शब्द मला चाळीस वर्षांनी मिशिगनमध्ये परत सापडला, एका मोटरहोमच्या छपरावर गुडघे टेकून बसले असताना.

आमची गाडी १९९६ सालची. फोर्डच्या ई-३५० चॅसीवर बांधलेलं सत्तावीस फुटी घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा कप्पा आहे, त्याला आम्ही दोघं माळाच म्हणतो. ही गाडी आम्ही सहा वर्षांपूर्वी एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी बघितली आणि त्याच दिवशी घेतली. दुरुस्ती मी शिकले ती गरजेतून. जुन्या मोटरहोमला हात लावायला गॅरेजवाले सहसा तयार नसतात. इंजिनवाला म्हणतो घराचं मला कळत नाही, आणि घराचं कळणाऱ्याकडे दोन-दोन महिने नंबर लागत नाही.

पहिला धडा पाण्याच्या पंपाने दिला. नळ उघडला की तो कण्हायचा आणि सोबत दिवे मंद व्हायचे. बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग दोष पंपाचाच असणार, असं धरून मी नवा पंप आणून बसवला. तोही कण्हला. तेव्हा कुठे मी शांत बसून विचार केला. या जोडणीत बॅटरीकडून पंपाकडे तार जाते, पण वीज परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. जाण्याचा रस्ता मी तपासला होता, परतीचा नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली, दुसरी पंपाच्या ऋण तारेवर, आणि नवऱ्याला नळ उघडायला सांगितलं. तिथे आकडा जवळपास शून्य दिसायला हवा होता. दिसले ३ व्होल्ट. पंपाच्या वाट्याच्या व्होल्टेजचा चौथा हिस्सा वाटेतच कुठेतरी गडप होत होता. गाडीखाली सरपटत गेले तर अर्थिंगचा बोल्ट गंजाने फुगलेला. तो सोडवला, तारेचं टोक आणि सांगाड्याची जागा लोखंडी ब्रशने चकाकेपर्यंत घासली, बोल्ट घट्ट आवळून वर ग्रीस लावलं. पंप गुरगुरत चालू झाला. जुना पंप निर्दोष होता. तो मी जपून ठेवला आहे.

फ्रिजने विचार करायची पद्धत शिकवली. मोटरहोममधला जुना फ्रिज घरातल्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांमधून फिरतात, आणि त्यांना फिरवते उष्णता, म्हणजे विजेचं हीटर किंवा गॅसची बोटाच्या पेराएवढी ज्योत. स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे शोधलं. आगीने बर्फ करणारं हे यंत्र मला अजूनही फार सुंदर वाटतं. आतलं द्रव उतारानेच परत येतं, म्हणून गाडी सपाट जागी उभी करावी लागते; तिरकी ठेवून फ्रिज चालू ठेवला तर नळ्या तापून कायमच्या चोंदतात. आमचा फ्रिज विजेवर उत्तम गार व्हायचा, गॅसवर मात्र नाही. विजेवर चालतो, म्हणजे नळ्या शाबूत आहेत. नळ्या एकच, उष्णता देणारी साधनं दोन. तर दोष दुसऱ्या साधनात. बाहेरची झडप उघडून पाहिलं, तर ज्योत निळी असायला हवी ती पिवळी, आणि बर्नरवर वरच्या धुराड्यातून गळलेले गंजाचे पापुद्रे आणि कोळ्याचं जाळं. गॅस बंद केला, बर्नर सोडवून साफ केला, पुन्हा बसवून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि एकही बुडबुडा येत नाही याची खात्री करून मगच काडी ओढली. ही साबणाची परीक्षा कधी चुकवू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. म्हणून त्याची घंटाही जमिनीलगतच बसवतात. ब्रेक मात्र मी उघडत नाही. ते काम ज्याचं त्यानेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

पण या गाडीचा खरा शत्रू पाणी.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये मॅकिनॉचा पूल ओलांडून आम्ही सुपीरियर सरोवराच्या काठी गेलो होतो. रात्रभर पाऊस पडला. पहाटे माळ्यावर माझी उशी ओली. छताचा, समोरच्या खिडकीजवळचा कोपरा दाबला तर बोट आत गेलं. आमच्या घरी पाऊस असा गळला की खाली पातेलं ठेवत, पाण्याचा आवाज येई, गळतंय हे सगळ्यांना कळे. इथे पाणी किती वर्षं आवाज न करता येत होतं कोण जाणे.

घरी परतून मी समोरची खिडकी काढली. तिच्या चौकटीखालची जुनी पट्टी खरवडून नवी ब्युटाइलची पट्टी लावली, खिडकी बसवली. पुढच्या पावसात कोपरा पुन्हा ओला. तेव्हा आजोबांचं बोलणं आठवलं. ते सांगत, थेंब पडतो तिथलं कौल बघू नका, वाशावरून वर चढत जा. पाणी आत शिरल्यावर वाशाच्या अंगाने हातभर खाली येतं आणि मग थेंब सोडतं.

पाणी वरून खाली येतं, पण शोध मात्र खालून वर करायचा. आधी बागेची नळी खिडकीच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं धरली. नवरा आत माळ्यावर टॉर्च घेऊन पालथा. काही नाही. मग खिडकीच्या बाजू. काही नाही. मग वरची कड. मग कपाळावरचे पाच नारिंगी दिवे, एकेक करून. वरून सुरुवात केली असती तर ओघळ सगळ्यांवरूनच वाहिला असता आणि कोणता दोषी हे कळलं नसतं. दिवे निर्दोष निघाले. शेवटी छप्पर आणि भिंत जिथे भेटतात त्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नळी धरली, ओल्या कोपऱ्यापासून तब्बल चार फूट मागे. तीन-चार मिनिटं गेली आणि आतून आवाज आला, "आलं! इथे आलं!" मी वर नळी धरून उभी राहिले. माळ्यावरून असं ओरडणं हे माझं काम होतं.

त्या पट्टीतले स्क्रू गंजले होते आणि सांध्यावर आधीच्या कुणीतरी सिलिकॉन थापलं होतं. त्याचा हेतू चांगलाच असणार. पण वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीच चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनही नीट नाही. त्याच्याखाली पाण्याला वाट मिळते आणि वरून सगळं बंद दिसतं. ते सगळं प्लास्टिकच्या पातीने खरवडायला मला दीड दिवस लागला. छपरावर रबराची चादर आहे, पेट्रोलजन्य द्रावक लागला तर ती फुगते, म्हणून घाई करता येत नाही. मग आतून भिंतीचा पातळ प्लायवूड उघडला. लाकडी उभ्या पट्टीचं टोक काळं पडून वाळवीने खाल्लेल्या वाशासारखं हातात आलं. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी त्याला खायला लागते, आणि इथे तर थंडीत तेच पाणी फटीत गोठून फट आणखी रुंद करतं. दोन आठवडे पंखा लावून सगळं वाळवलं. कुजलेला भाग कापून नवं पाइनचं लाकूड जोडलं. पट्टीखाली ब्युटाइल, थोडे जाड स्टेनलेस स्क्रू, आणि वरून आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट.

हे करताना मला राग येत होता. आमच्या त्या घरातलं काहीच झाकलेलं नव्हतं. वासा दिसे, रीप दिसे, कौल दिसे. मूलसुद्धा दोष दाखवू शके. या गाडीची भिंत म्हणजे बाहेरून फायबरग्लास, आतून नक्षीचा कागद चिकटवलेला प्लायवूड, मध्ये फोम आणि बारीक लाकूड, सगळं एकमेकांना चिकटवून मिटवलेलं. बाहेरून सुंदर, आतून काय चाललंय ते कुणालाच दिसू नये अशी बांधणी. माणूस जिथे झोपतो त्या भिंतीला उघडायची सोय असायला हवी, हे मी मनापासून म्हणते.

मिशिगनची हद्द ओलांडली की लगेच इंडियानात एल्कहार्ट लागतं. अमेरिकेतल्या या उद्योगाचं ते माहेरघर, आणि तिथे अशा जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. १९१३ सालचा एक लाकडी ट्रेलर तिथे उभा आहे, शंभर वर्षं ओलांडून. मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. त्याचं लाकूड कोरडं, सांधे मिटलेले. मग वर पाहिलं. त्याच्यावर संग्रहालयाचं छप्पर होतं.

आमच्या गाडीवर छप्पर नाही, म्हणून तिला आम्ही आहोत. एप्रिलमध्ये बर्फ सरल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये ते पडायच्या आधी, असा वर्षातून दोनदा एक दिवस मी तिच्यासाठी ठेवते. शिडी लावून वर जाते, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवते, चिरलेलं सीलंट तेवढं काढून नवं भरते. खाली माळ्यावर टॉर्च घेऊन कुणीतरी असतंच. ऑक्टोबरच्या फेरीत पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरते, म्हणजे हिवाळ्यात त्या फुटत नाहीत. गेल्या चार वर्षांत माळा कोरडा आहे.

तुमच्यापैकी कुणी जुनं मोटरहोम बघायला जाणार असेल, तर उन्हात जाऊ नका. पाऊस पडत असेल त्या दिवशी जा. टॉर्च घ्या, अंथरुणं बाजूला सारा, कोपऱ्यातली कपाटं उघडा आणि आतल्या भिंतीवर तळहात टेकवून थोडा वेळ तसाच राहू द्या.