बारा चौकोन

व्यापारी घराण्यात वारसा म्हटला की दुकानाची गादी, जागा, दागिने आणि उधारीच्या वह्या एवढेच डोळ्यांपुढे येते. अहिल्यानगरच्या कापडबाजारातील एका कुटुंबात मात्र दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निराळाच वारसा खाली आला. पत्र्याच्या पेटीत, जुन्या रोजमेळांखाली, दोन कॅमेरे होते आणि पातळ कागदाच्या पाकिटांत जपलेल्या निगेटिव्ह होत्या. दुकान सांभाळून दादाजींनी जोपासलेला हा छंद त्यांच्या निधनानंतर विस्मरणात गेला होता. सी.ए.चा अभ्यास करणाऱ्या नातवाने ती पेटी आपल्या खोलीत नेली.

एक कॅमेरा होता आग्फा क्लिक थ्री; बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, साधा आणि मध्यमवर्गाला परवडणारा. दुसरा जपानी याशिका मॅट, एकावर एक अशी दोन भिंगे असलेला. दोन्हींत 120 क्रमांकाची फिल्म बसते. ही फिल्म 1901 साली आली आणि आजही तयार होते, म्हणूनच इतके जुने कॅमेरे निकामी ठरत नाहीत. दादाजींच्या काळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या 1960 साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म मिळे. तो कारखाना आता बंद पडला आहे. नातवाला परदेशी रोल मागवावा लागला.

त्याने घाई केली नाही. आधी रिकाम्या याशिकाचे शटर प्रत्येक वेगावर दाबून पाहिले. एका सेकंदाचा वेग दोन सेकंद घेत होता. आतले वंगण सुकल्याची ती खूण. जलद वेग मात्र ठीक वाटले. भिंगातून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे धागे शोधले. प्रकाशमापक बंद होता, तेव्हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा कामी आला: लख्ख उन्हात छिद्र 16 वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याजवळचा निवडावा. 100 ची फिल्म असेल तर सेकंदाचा 125 वा भाग.

एका रोलवर चौकोनी फोटो फक्त बारा. मोबाइलवर क्षणात पन्नास फोटो काढणाऱ्या तरुणाला हा आकडा प्रथम कंजूषपणाचा वाटला. याशिकात वरून, मान खाली घालून पाहावे लागते आणि काचेवर दिसणारे चित्र डावे-उजवे उलटे असते. त्यामुळे हात आपोआप सावकाश होतो. चांदबीबी महाल म्हणून नगरकर ज्याला ओळखतात त्या सलाबतखानाच्या कबरीवर त्याने अर्धा दिवस घालवला आणि तीनच फोटो काढले. उरलेले दुकानाच्या ओट्यावर, धान्य निवडणाऱ्या दादीजींचे आणि गल्लीचे.

पौषातल्या एका सकाळी त्याने रोल घरीच धुतला. रसायन साधारण 20 अंशांवर लागते आणि त्या दिवसांत नगरचे पाणी फारसे गार-गरम करावे लागत नाही. झाकणबंद डब्यातून प्रथम डेव्हलपर, मग फिक्सर, शेवटी पाणी. ओली पट्टी दोरीवर टांगली तेव्हा घर गोळा झाले. दादीजींनी कोपऱ्याला हळूच बोट लावले आणि विचारले, “हे बुळबुळीत काय आहे?”

प्रश्न साधा होता, पण विचारणारी व्यक्ती साधी नव्हती. औषधाच्या दुकानात कॅप्सूलऐवजी गोळीच मागणाऱ्या, कॅमेऱ्याची चामड्याची पेटी पहिल्याच दिवशी बाजूला काढणाऱ्या दादीजी त्या. नातवाने वाचून पाहिले आणि तो गप्प झाला. फिल्मवरचे चांदीचे क्षार ज्या थरात बसवलेले असतात तो जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात. पाण्यात ते फुगते, रसायनाला आत वाट देते आणि चांदीचे कण जागचे हलू देत नाही. 1871 साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी हा मार्ग सुचवला आणि पुढे सारा फिल्मचा धंदा त्यावरच उभा राहिला. बाजारात मिळणारी फिल्म आजही जिलेटिनचीच असते.

रात्री जेवणानंतर (अर्थात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर) चर्चा रंगली. काकाजी म्हणाले, “ही काही संकल्पी हिंसा नव्हे. राजा दीनदयाळ जैन जवाहिऱ्यांच्या घरचे. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. इतका विचार करत बसले असते तर देश एका थोर कलावंताला मुकला असता.” बोलण्यात तथ्य होते. नातवानेही दादाजींचा दाखला दिला. तेव्हा दादीजी शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या दादाजींना ठाऊक नव्हते. तुला ठाऊक झाले. तुझा हिशेब तिथून सुरू होतो.”

त्यांनी मनाई केली नाही, शपथ घातली नाही. म्हणूनच तो विषय झटकता येईना. आरंभी आणि उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही. पण छंद म्हणजे ना चूल, ना पोटाचा व्यवसाय. मग सवलत कोणत्या खात्यावर घ्यायची? काही दिवसांनी त्याने स्वतःपुरती मर्यादा घालून घेतली: नवा रोल विकत घ्यायचा नाही. जे घेतात त्यांना बोल लावायचा नाही.

मोह सुटणे सोपे नव्हते. परंतु शोध घेता एक जुनी वाट सापडली. 1842 साली जॉन हर्शल यांनी लोहाच्या क्षारांवर उन्हाने निळे चित्र उमटवण्याची रीत शोधली. तिला सायनोटाइप म्हणतात. तिच्या मिश्रणात जिलेटिन लागत नाही, चित्र कागदाप्रमाणेच सुती कापडावरही उतरते, आणि धुवायला साधे पाणी पुरते. कापड तर घरचेच! दुकानातल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे कापून, मिश्रण लावून, अंधारात वाळवून त्यावर दादाजींच्या निगेटिव्ह काचेखाली दाबून ठेवल्या आणि गच्चीवरच्या उन्हात मांडल्या. त्या निगेटिव्हही जिलेटिनच्याच, हे तो विसरला नव्हता. पण त्यांच्यासाठी आता नव्याने काही घडणार नव्हते. गाळलेल्या पाण्याच्या घमेल्यात कापड बुडवताच हिरवट-पिवळा रंग निघून गेला आणि निळ्या रंगातून माणसे वर आली.

त्यांत दुकानाच्या उंबरठ्यावर उभी, डोईवरचा पदर सावरणारी एक तरुण सून होती. दादीजींनी तो तुकडा बराच वेळ हातात धरला. “हा फोटो त्यांनी मला कधी दाखवलाच नव्हता,” एवढेच त्या म्हणाल्या.

याशिका आता दुकानाच्या गादीमागच्या फळीवर असतो. नातू अधूनमधून तो उघडून काचेवरच्या उलट्या चित्रात बाजार पाहतो आणि बटण न दाबता बंद करतो. निगेटिव्हचा ढीग मोठा असला तरी त्याने कापडावर बाराच चौकोन उतरवले. बाराच का, असे काकाजींनी विचारले, तेव्हा उत्तर दादीजींनी दिले: “रोलमध्ये बारा असतात म्हणून. आणि श्रावकाची व्रतेही बाराच.”