मोर्चाचा शिधा कोण पुरवतं?

मोठा मोर्चा मुंबईच्या वेशीवर आला की प्रश्न ठरलेला असतो : यामागे पैसा कुणाचा? प्रश्न रास्त आहे. शेतकरी चळवळींचा अभ्यास करताना मीही आधी तोच विचारतो. त्याचं उत्तर मला ठाणे जिल्ह्यातल्या खडवली स्टेशनच्या दोन्ही अंगांना सापडतं.

मुंबईहून येताना खडवलीच्या अलीकडचं स्टेशन टिटवाळा. जानेवारी १९४५मध्ये तिथे महाराष्ट्र राज्य किसान सभेचं स्थापना अधिवेशन भरलं. सभेचे संघटक शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याआधी ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत फिरत होते. अधिवेशनाला वारली आदिवासीही आले आणि त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. पलीकडचं स्टेशन वासिंद. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून निघालेला याच किसान सभेचा मोर्चा तिथे तळ ठोकून बसला होता.

किसान सभेच्या अलीकडच्या मोर्चांतला सर्वांत मोठा २०१८चा. ६ मार्चला नाशिकहून निघून, कसारा घाट उतरून, शहापूर-वासिंद-भिवंडीमार्गे सुमारे १८० किलोमीटर चालत तो १२ तारखेला आझाद मैदानात पोहोचला. त्याचा खर्च कसा भागला? गावोगावच्या माणसांनी तांदूळ, डाळ घरून आणली. शिधा, भांडी, सरपण टेम्पोत. टेम्पो पुढे जायचा, मुक्कामी चुली पेटायच्या, पंगती गावागावाच्या बसायच्या. निजायला उघडं माळरान. मुंबईत शिरल्यावर रहिवाशांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. पण ही मदत शेवटच्या टप्प्यातली. तोवरची वाट गावच्या शिध्यावर निभावली होती.

किसान सभा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली आहे. लाल बावटा उघड होता, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुरगाण्यासारख्या तालुक्यांत वनहक्काच्या दाव्यांसाठी वर्षानुवर्षं बैठका घेणारे कार्यकर्ते होते, म्हणूनच हजारो माणसं एका हाकेसरशी निघाली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून सायनहून रातोरात आझाद मैदान गाठायचं ठरलं आणि दिवसभर चाललेली माणसं पुन्हा उठली. अशी शिस्त भाड्याने मिळत नाही.

२०२३मध्ये वासिंदला कस वेगळा लागला. मागण्यांवर मुंबईत चर्चा झाली, तरी अंमलबजावणी दिसेपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं. थांबलेल्या मोर्चाचा शिधा रोज घटतो आणि सरकारही त्याच्याकडे डोळे लावून असतं. तरी मोर्चा १८ मार्चपर्यंत टिकला आणि मुख्यमंत्र्यांच्या विधानसभेतल्या निवेदनानंतरच मागे घेतला गेला.

पैशाचा प्रश्न प्रत्येक चळवळीला विचारा, आपल्या आवडीच्या चळवळीला आधी विचारा. वर्गणीची पावती फाडली का, हिशेब गावासमोर वाचला का, मोर्चा नसतानाच्या दिवसांत कार्यकर्ता पाड्यावर येतो का, हेही विचारा. पुढाऱ्यांनी न मागता हिशेब मांडावा. ज्याच्या घरचा तांदूळ मोर्चात शिजला, त्याला हिशेब मागण्याचा पहिला हक्क आहे.