प्रसारणाचा पैसा कोण ठरवतं?

१७ जानेवारी २०२२. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये संस्कृतीमंत्री नादिन डॉरिस बीबीसीच्या पैशांबद्दल निवेदन करायला उभ्या राहिल्या. टीव्ही परवान्याचं वार्षिक शुल्क दोन वर्षं १५९ पाऊंडांवर गोठवणार, असं त्यांनी जाहीर केलं. परवाना शुल्काची ही शेवटची घोषणा ठरेल, असं आदल्या दिवशी त्यांनी ट्विटरवर लिहिलं होतं. सभागृहात मात्र पुढच्या व्यवस्थेवर चर्चा सुरू करू, एवढंच त्या म्हणाल्या. पंतप्रधान बोरिस जॉन्सन तेव्हा टाळेबंदीतल्या पार्ट्यांच्या प्रकरणात अडकले होते. त्यावरून लक्ष हटवण्यासाठीच हे चाललंय, असा विरोधकांचा आरोप होता.

प्रसारण-धोरण हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय. त्या दिवसाचं संसदीय इतिवृत्त मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो आणि मग विचारतो, यात मतदान कुठे झालं? ते शोधत राहतात. मतदान झालंच नव्हतं. २००३च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टनुसार शुल्काची रक्कम मंत्री नियमावलीतून ठरवतो. सभागृहाने हरकत घेऊन ती रद्द केली नाही, तर ती आपोआप लागू राहते. बीबीसीची राजसनदही संसदेच्या कायद्याने नव्हे, प्रिव्ही कौन्सिलमार्फत निघते. जमा झालेलं शुल्क आधी सरकारी तिजोरीत जातं आणि संसदेच्या मंजुरीने बीबीसीकडे परत येतं, पण रक्कम तोवर ठरलेली असते. ज्या संसदेला आपण सगळ्या लोकशाह्यांची आई समजत आलो, तिच्यात या विषयावर वाद खूप होतो आणि निर्णय फार कमी होतात.

हे शुल्क शंभर वर्षांपूर्वीचं. १९२२ साली रेडिओसाठी १० शिलिंग, १९४६ साली टीव्हीसह २ पाऊंड, १९६८ साली रंगीत संचासाठी वर ५ पाऊंड. १९७१मध्ये फक्त रेडिओपुरता असलेला परवाना रद्द झाला. मार्गारेट थॅचर यांना बीबीसीवर जाहिराती हव्या होत्या. त्यांच्या सरकारने १९८५ साली अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन पीकॉक यांची समिती नेमली. बाजारपेठेवर विश्वास असलेल्या या माणसाने वर्षभराने अहवाल दिला तो जाहिरातींच्या विरोधात, आणि शुल्क महागाईच्या निर्देशांकाला जोडायची शिफारस केली. सरकारने नेमलेल्या समितीने सरकारलाच नकार द्यावा आणि तो छापून लोकांसमोर यावा, ही त्या व्यवस्थेची ताकद होती. तिला तडा गेला तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी.

ऑक्टोबर २०१०मध्ये सरकारी खर्चकपातीचा आराखडा तयार होत होता. त्यातच, अवघ्या काही दिवसांच्या वाटाघाटींत, बीबीसीचं शुल्क सहा वर्षं १४५.५० पाऊंडांवर गोठवलं गेलं. तोवर परराष्ट्र खात्याच्या पैशांवर चालणाऱ्या वर्ल्ड सर्व्हिसचा भार बीबीसीवर आला. वेल्श भाषेतल्या एस-फोर-सी वाहिनीचा मोठा वाटाही तिच्याच गळ्यात पडला. श्वेतपत्रिका नाही, जनसुनावणी नाही, सभागृहात आधी चर्चा नाही. २०१५च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २००० सालापासून मोफत परवाना मिळत होता आणि त्याचा खर्च सरकार उचलत होतं. तो खर्च, वर्षाला सुमारे ७५ कोटी पाऊंड, बीबीसीने सोसावा असं ठरलं. मंत्री जॉन व्हिटिंगडेल यांनी ६ जुलैला हे सभागृहात सांगितलं आणि दोन दिवसांनी अर्थसंकल्प आला. कल्याणकारी योजनेचा खर्च प्रसारण संस्थेच्या डोक्यावर बसला. ऑगस्ट २०२०पासून ही सवलत फक्त पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या गरीब ज्येष्ठांपुरती उरली. वृद्धांच्या रोषाला तोंड द्यावं लागलं ते बीबीसीला.

या दोन्ही वेळी बीबीसीचे प्रमुखही खोलीत होते आणि त्यांनी होकार दिला, हे मला जास्त टोचतं. नकार दिला असता तर आणखी वाईट काही पदरी पडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण ज्या संस्थेने मंत्र्यांना प्रश्न विचारायचे, तिचे प्रमुख मंत्र्यांसमोर बसून रात्रीत सौदा करत असतील, तर त्या प्रश्नांचं काय व्हायचं? लॉर्ड्स सभागृहाच्या कम्युनिकेशन्स समितीने २०१९ साली यावर स्वतंत्र आयोग नेमायची सूचना केली होती. बीबीसीला किती पैसा लागतो हे आयोगाने उघडपणे मोजावं आणि त्याची शिफारस सरकारला नाकारायची असेल तर कारणं लेखी द्यावीत, अशी ती कल्पना. ती बाजूला पडली.

शुल्क गोठवल्याचा परिणाम लवकरच दिसला. ऑक्टोबर २०२२मध्ये ब्रिटनमधली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली. त्याच शरद ऋतूत वर्ल्ड सर्व्हिसने सुमारे ३८० पदं कमी करण्याची घोषणा केली. अरबी आणि फारसीसह दहा भाषांतलं रेडिओ प्रसारण संपवायचं ठरलं. २०२४पासून शुल्क महागाईनुसार वाढेल हे वचनही जसंच्या तसं राहिलं नाही. सरकारने महागाई मोजायची पद्धत बदलली आणि वाढ ६.७ टक्क्यांवर आणली, म्हणजे १६९.५० पाऊंड. २०२५च्या एप्रिलपासून ते १७४.५० झालं.

परवाना शुल्काविरुद्धचे आक्षेप मी हलके मानत नाही. श्रीमंत आणि गरीब दोघांनाही तेच शुल्क, हा अन्यायच आहे. न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि दंड १,००० पाऊंडांपर्यंत होऊ शकतो. ज्यांच्यावर दोष सिद्ध होतो त्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी बहुधा त्याच असतात. एकट्या आईला टीव्हीपायी न्यायालयात उभं करणारी व्यवस्था बदललीच पाहिजे. मला पटत नाही ती पुढची उडी: शुल्क वाईट, म्हणून सरकारी अनुदान चांगलं. फ्रान्सने २०२२ साली १३८ युरोंचं शुल्क रद्द केलं आणि मूल्यवर्धित कराचा एक वाटा सार्वजनिक वाहिन्यांना दिला. घरोघरची वसुली थांबली, पण आकडा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत गेला.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे २०१३पासून टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला सारखं मासिक शुल्क आहे. रक्कम मंत्री ठरवत नाही. केईएफ नावाचा तज्ज्ञांचा आयोग वाहिन्यांचे हिशेब तपासून आकडा सुचवतो आणि सोळाही राज्यांच्या विधिमंडळांनी तो मंजूर करायचा असतो. १७.५० युरोंवरून १८.३६ची शिफारस आली. डिसेंबर २०२०मध्ये सॅक्सनी-अनहाल्ट राज्याने ती मतदानालाच आणली नाही आणि सगळ्या देशाची वाढ अडली. घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये निर्णय जाहीर करून वाढ लागू केली. प्रसारणाला पुरेसा पैसा मिळणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि सबळ कारणाशिवाय एखादं राज्य त्यात खोडा घालू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. पुढची, १८.९४ युरोंची शिफारसही राज्यांनी रोखून धरलीच. तरीही तिथे कुणी अडवलं, कशासाठी अडवलं, हे नोंदलं जातं आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं.

आपल्याकडे ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र इथे उघडलं. परवाना वर्षाला १० रुपये आणि त्यातले ८० टक्के कंपनीला. पण परवाने इतके थोडे निघाले की तीन वर्षांच्या आत कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९३०मध्ये सरकारने प्रसारण हाती घेतलं. पुढे टपाल कार्यालयात वर्षाकाठी रेडिओचं ‘लायसन’ भरणं हा घरोघरचा रिवाज झाला. आकाशवाणी हे सरकारी खातं असल्यामुळे तो पैसा सरकारी जमेत जाई. ऐकणाऱ्याचं शुल्क आणि ऐकू येणारा कार्यक्रम यांचं थेट नातं आपल्याकडे जुळलंच नाही. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई-पुणे-नागपूर विविध भारतीवर जाहिराती आल्या, १९७६पासून दूरदर्शनवर. १९८०च्या दशकाच्या मध्यात लायसन गेलं. कुणी हळहळलं नाही, आणि ते स्वाभाविकच होतं.

मग आकाशवाणी आणि दूरदर्शन एका स्वायत्त निगमाकडे सोपवणारा १९९०चा प्रसार भारती कायदा आला. त्यात निगमाला मिळायच्या पैशांत परवाना शुल्काचा उल्लेख आजही आहे. ते शुल्क केव्हाच बंद झालं आहे, त्यामुळे उरतं ते सरकारी अनुदान आणि स्वतःची कमाई. कायदा अमलात यायला १९९७ उजाडलं. त्याआधी, फेब्रुवारी १९९५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या, न्या. पी. बी. सावंत यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियंत्रण स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावं, असा निर्णय दिला होता. सावंतांचं ते निकालपत्र आमच्या विषयाचा पाया आहे. पैशाची बाजू मात्र त्या तत्त्वाला जोडून कायद्यात कधीच उतरली नाही. ५ ऑक्टोबर २००७पूर्वी भरती झालेले कर्मचारी तर २०१२च्या दुरुस्तीनंतर निगमात प्रतिनियुक्तीवरचे सरकारी कर्मचारीच मानले जातात. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मागण्या लोकसभेत बहुतेक वेळा इतर खात्यांसोबत ‘गिलोटिन’खाली, चर्चेविना मंजूर होतात. डॉरिस यांच्या निवेदनावर निदान तासभर प्रश्न तरी विचारले गेले.

२ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसी मराठी सुरू झाली. गुजराती, पंजाबी आणि तेलुगूही त्याच दिवशी. त्यामागचा पैसा ब्रिटिश घरांतल्या परवान्यांचा नव्हता. वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी ब्रिटिश सरकारने २०१५च्या अखेरीस स्वतंत्र अनुदान जाहीर केलं होतं, त्यातला तो होता. मराठी वाचकाला मिळालेली एक नवी बातमीची जागा लंडनच्या परराष्ट्र धोरणातून जन्मली. २०२४पासून हे काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीकडे आहे, कारण डिजिटल बातम्यांत परकीय गुंतवणुकीवर आपण २६ टक्क्यांची मर्यादा घातली.

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. तोवर वेस्टमिन्स्टरमध्ये शुल्क, वर्गणी, घरपट्टी, जाहिराती असे सगळे पर्याय घासूनपुसून मांडले जातील. माझं लक्ष मात्र लॉर्ड्स समितीच्या त्या स्वतंत्र आयोगाच्या सूचनेकडे राहील. आपल्या खासदारांकडूनही मला परवान्याचं पुनरुज्जीवन नको आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनला पाच वर्षांसाठी किती पैसा लागेल हे मंत्रालयाबाहेरच्या आयोगाने मोजावं. रत्नागिरी, परभणी, जळगावसारख्या केंद्रांना पगार वगळून कार्यक्रमांसाठी किती उरतं हे त्याने छापावं. आणि तो अहवाल गिलोटिनच्या आधी, एका पूर्ण दिवसाच्या चर्चेसाठी लोकसभेच्या पटलावर यावा.