जीपच्या पत्र्यावरील रंगाचे थर

दुसऱ्या महायुद्धातील जीप पुन्हा उभी करताना इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा जेवढा विचार होतो, तेवढा रंगाचा होत नाही. रंगकाम हे सर्वांत शेवटी उरकायचे, डोळ्यांना सुखावणारे काम मानले जाते. वस्तुतः झिजलेला दट्ट्या किंवा तुटलेला गिअर बदलता येतो, परंतु एकदा खरवडून टाकलेला मूळ रंग कोणत्याही दुकानात मिळत नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात राबलेली, मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलेली आणि अखेर गोठ्याशेजारी उभी राहिलेली एक जीप कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्त करताना प्रस्तुत लेखकाला हे प्रकर्षाने जाणवले.

१९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्याने चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळेल अशा हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कारखानदारांकडून प्रस्ताव मागवले. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यावरून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना दिला, मात्र मोठे उत्पादन विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि दोहोंचे भाग परस्परांना बसतील अशी काळजी घेतली गेली. त्यामुळे आज उभी असलेली जीप नेमकी कोणाची, हे नावावरून नव्हे, तर चासीवरून, म्हणजे गाडीचा सारा भार पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यावरून ठरवावे लागते: विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. प्रस्तुत जीपचा आडवा दांडा गोल निघाला आणि बॉडीच्या ब्रॅकेटांवरील ग्रीस पुसल्यावर बोल्टांवर ‘एफ’ दिसू लागला, म्हणजे विलीजच्या सांगाड्यावर केव्हातरी फोर्डची बॉडी चढली होती. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत जीपची जुळणी सुरू केल्यामुळे या घराण्याचे सुटे भाग भारतात मिळत राहिले, आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक फिटरने हाताला आला तो भाग बसवला. या सरमिसळीला दोष मानू नये, कारण तिच्यामुळेच ही वाहने जिवंत राहिली.

यांत्रिक कामाचे तपशील येथे गौण आहेत, २.२ लिटरचे मूळ जातीचे पेट्रोल इंजिन मिळवून ते बसवले, एवढे नोंदवणे पुरे. पत्र्याचे काम मात्र जिकिरीचे ठरले. जीपच्या तळपत्र्याखाली बळकटीसाठी टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकूड ठोकलेले असते. हे लाकूड पावसाचे पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरून धड दिसणारा पत्रा आतून चाळणी झालेला असतो. अशा ठिकाणी पुट्टी भरून रंग मारणे ही शुद्ध फसवणूक होय. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणे हाच योग्य मार्ग आहे. वाळूचा जोरदार मारा करून गंज काढण्याची पद्धत चासी आणि अ‍ॅक्सल यांना मानवते, पण सपाट पातळ पत्रा त्या माऱ्याने वाकतो, म्हणून बॉडीवर रंग सोडवणारे रसायनच वापरले.

मात्र हे रसायन लावण्यापूर्वी थर वाचून घेणे आवश्यक असते. त्यासाठी तळहाताएवढी जागा निवडून ती वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने, मधोमध अधिक आणि कडेला कमी अशी घासतात, जेणेकरून रंगाचा प्रत्येक हात एकेका वर्तुळाच्या रूपाने उघडा पडतो. कोरडे घासल्यास जुन्या रंगातील शिशाची धूळ श्वासावाटे आत जाण्याचा धोका असतो. इंजिन आणि चालक यांच्यामधील उभ्या पत्र्यावर असे घासल्यावर आधी पांढरा, मग निळसर करडा, मग चकचकीत गडद हिरवा आणि त्याखाली तपकिरीकडे झुकणारा, अजिबात चकाकी नसलेला मातकट हिरवा थर दिसला. हा शेवटचा रंग म्हणजे ‘ऑलिव्ह ड्रॅब’. ऊन पडून चमकणारे वाहन दुरून दिसू नये म्हणून तो मुद्दाम निस्तेज ठेवला जाई. जीपचे हेडलाइट मागे उलटवून इंजिनावर प्रकाश पाडता येतो, आणि त्यांच्या ब्रॅकेटाखालीही, जिथे पुढे कोणत्याच पेंटरची गन पोहोचली नव्हती, तोच रंग अखंड सापडला. तो पाहून लेखकाला जो आनंद झाला, तो इंजिन प्रथम सुरू झाले तेव्हाही झाला नव्हता.

यानंतर खरा प्रश्न उभा राहिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ वा नियम संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई करतो, आणि आपला रंग ‘ग्रीन’ नसून ‘ड्रॅब’ आहे असा युक्तिवाद करणे हे त्या नियमाच्या हेतूला बगल देणे ठरते. दुसरीकडे, २०२१ पासून लागू झालेली विंटेज वाहनांची नोंदणी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना मूळ स्वरूप जपल्याबद्दलच मिळते. शिवाय बॉनेटच्या बाजूला असणारा, २० ने सुरू होणारा युद्धकालीन क्रमांक या जीपवर कुठेच आढळला नाही. अशा वेळी मनचा क्रमांक आणि अमेरिकी सैन्याची खूण असलेला पांढरा तारा रंगवणे म्हणजे पुरावा नसताना इतिहास लिहिणे होय. म्हणून बाहेरून निळसर करडा हा नागरी जीवनातील जुना रंग दिला, आणि हत्यारपेटीचा आतील भाग, डॅशबोर्डची खालची बाजू, हेडलाइटचे ब्रॅकेट व थरांची वर्तुळे उघडी पडलेली ती जागा यांना हात न लावता केवळ पारदर्शक लेप चढवला. प्रदर्शनांत ताऱ्याची जीप अधिक टाळ्या घेते हे खरे, तरीही हा निर्णय लेखकाला आजही योग्यच वाटतो.

ज्यांच्या दारात, शेतात किंवा कारखान्याच्या आवारात अशी जीप उभी असेल, त्यांनी ती डेंटर-पेंटरच्या हवाली करण्यापूर्वी निदान एक आडजागा घासून पाहावी, दिसलेल्या थरांची दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत आणि तेवढा तुकडा रंगवू नये असे पेंटरला बजावून सांगावे.