चित्रांतलें पाणी

लहानपणीं पाहिलेलें चित्र मनांतून सहसा पुसलें जात नाहीं. गेलीं पंचवीस वर्षें मी औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. परंतु कृष्णाचें नांव निघालें कीं अजूनहि डोळ्यांपुढें येते ती ‘अमर चित्रकथे’तील निळी मूर्ति.

या मालेची जन्मकथा सर्वश्रुत आहे. १९६७ सालीं अनंत पै यांनीं दिल्लींत दूरदर्शनवर मुलांची प्रश्नोत्तरांची एक स्पर्धा पाहिली. ग्रीक देवतांविषयीं अचूक उत्तरें देणाऱ्या मुलांस रामाच्या आईचें नांव मात्र सांगतां येईना. त्या विषादांतून त्यांनीं ही माला हातीं घेतली. मौज अशी कीं, आरंभींचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचेच होते. ‘कृष्ण’ हा अकरावा, आणि त्याचीं चित्रें राम वाईरकरांचीं. पुढें चारशेंहून अधिक पुस्तकें निघालीं व कोट्यवधि प्रती खपल्या.

यशाच्या पाठोपाठ वादहि आला. राक्षस तेवढे काळे आणि नायक गोरे कां, असें टीकाकारांनीं विचारलें. वाल्मीकीस वाटमाऱ्या दाखविल्याबद्दल पंजाबांत वाल्मीकि समाजानें निषेध केला. अशा तक्रारी अतिरेकी आहेत, असें मलाहि एके काळीं वाटे. तें मत कसें बदललें, हें सांगावयाचें आहे.

१९७९ सालीं या मालेंत बाबासाहेब आंबेडकरांचें चरित्र आलें. चित्रें दिलीप कदम यांचीं. आदल्या वर्षीं, २७ जुलै १९७८ रोजीं, येथील विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला होता आणि मराठवाड्यांत दलितांचीं घरें जळालीं होतीं. आमच्या घरीं या मालेचीं डझनावारी पुस्तकें होतीं, हें नव्हतें. माझ्या बाकावरच्या मित्रानें तें शाळेंत आणलें. पुस्तक त्यानें माझ्या हातीं दिलें नाहीं. स्वतःच एकेक पान उलटून दाखविलें. तहानलेल्या लहानग्या भीमाला पाणी नाकारलें जातें, त्या ठिकाणीं मी म्हणालों, “बिचारा!” मित्रानें पुस्तक मिटलें. “बिचारा म्हणूं नकोस,” एवढेंच तो बोलला.

त्याच हिवाळ्यांत शाळेची सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली. आईनें मला फिरकीचा तांब्या भरून दिला होता. मित्रानें पाणी मागितलें. मीं तांब्या त्याच्या हातीं दिला नाहीं. वरून धार धरली, आणि तो ओंजळीनें प्यायला. मला कोणीं तसें करावयास सांगितलें नव्हतें. हाताला तें ठाऊक होतें.

पुढें प्रौढपणीं बाबासाहेबांचीं आठवणींचीं टिपणें वाचलीं. १९३४ सालीं वेरूळची लेणीं पाहावयास निघालेले बाबासाहेब व त्यांचे सोबती वाटेंत याच किल्ल्यापाशीं थांबले होते. दारांतील हौदावर त्यांनीं हातपाय धुतले, तोंच पाणी बाटविल्याचा ओरडा झाला. अखेर आंत जाण्याची परवानगी मिळाली. पण त्यांनीं कोठेंहि पाण्यास शिवूं नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यांत आला. तें वाचतांना मला तो शिपाई परका वाटला नाहीं.

२०११ सालीं ‘भीमायन’ हें चित्रचरित्र निघालें. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनीं त्यांत चौकटी आंखल्याच नाहींत. जुन्या प्रसंगांशेजारीं आजच्या वर्तमानपत्रांतील अत्याचारांच्या वार्ता ठेवल्या आहेत. तें पाहिल्यावर चौकटीचा दोष माझ्या ध्यानांत आला. चौकट दुःखाला नीटनेटकें करते आणि वाचकाला बाहेर ठेवते. चित्रांतल्या मुलाची तहान पाहून मी हळहळलों होतों; शेजारीं उभ्या असलेल्या मुलाची तहान मला दिसली, पण माझा हात मला दिसला नाहीं.

मित्र दहावीनंतर गांव सोडून गेला. पुन्हां भेट झाली नाहीं. तें पुस्तक आतां माझ्या कपाटांत आहे. नातवंडांस दाखवितांना मी तें त्यांच्या हातीं देतों, आणि त्या पानाशीं आलों कीं तांब्याची गोष्ट सांगतों.