धमनी, शिरयान, आर्टरी

दहावीपर्यंत आम्ही दोघी बहिणी उर्दू माध्यमात शिकलो. अकरावीला सायन्स घेतलं; पुस्तकं इंग्रजीत, शिकवणीचे सर मराठीत समजावणारे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हवं, खुल्या गटात ४५ टक्के हवेत. शिवाय राज्याची वेगळी सीईटी. वहीत तीन रकाने आखले: शिरयान, धमनी, आर्टरी, खलिया, पेशी, सेल. फजरनंतर एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं.

अब्बांना काळजी मार्कांची नव्हती, नाइट ड्यूटीची होती. “त्यापेक्षा डी.एड. करा,” म्हणायचे. त्या पावसाळ्यात दादी तालुक्याच्या दवाखान्यात चार रात्री होती. कुठं दुखतं ते ती आपल्या कोकणी बोलीत सांगे, सिस्टरना कळेना. आम्ही सांगितलं, तेव्हा कळलं. रात्री दोन वाजता त्याच सिस्टर दादीचं सलाइन बदलत होत्या. अब्बा बाकावर जागेच होते.

घरी आल्यावर अब्बांनी न बोलता दोघींच्या फॉर्मचे पैसे काढून दिले. आम्ही वहीत चौथा रकाना आखला, दादीच्या शब्दांसाठी. सीईटीत ते कुणी विचारणार नाही. वॉर्डात मात्र लागतील.