मणक्यातल्या पाण्याची भीती

मोताळ्याच्या बाजारात कोणाच्या घरी ‘मेंदूज्वर’ झाल्याचे कळले की माणसे नकळत आवाज खाली आणतात. या एका शब्दामागे मृत्यू, लुळेपण, बुद्धिभ्रंश असे सारे काही दडलेले आहे, असा आपल्याकडे समज आहे. या परिसरात आमची कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे एखाद्या घरात आजार शिरला की डॉक्टरांच्या पाठोपाठ फादरांनाही निरोप जातो. निरोप प्रार्थनेसाठी असतो. परंतु अंथरुणापाशी बसल्यावर पुष्कळदा सल्लाच विचारला जातो. “डॉक्टर पाठीतले पाणी काढायचे म्हणतात. काढू द्यावे का?” हा प्रश्न माझ्या पौरोहित्याच्या काळात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, वैद्यक हा माझा विषय नसतानाही त्याचा अभ्यास करणे मला भाग पडले. डॉक्टर मित्रांना विचारून व वाचून जे समजले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

सेमिनरीत शिकलेले लॅटिन पुढे कोठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. मेंदूवर तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे, जाड आवरण म्हणजे ‘ड्युरा मेटर’, अर्थात कठीण माता. सर्वांत आतले, मेंदूला बिलगलेले नाजूक आवरण म्हणजे ‘पिया मेटर’, कोमल माता. या दोहोंच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तिसरे. बाराव्या शतकात अँटिओकच्या स्टीफन नावाच्या भाषांतरकाराने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला, तेव्हा अरबी वैद्यांनी या आवरणांना दिलेले ‘माता’ हे नाव त्याने तसेच ठेवले. मेंदूला कुशीत घेणाऱ्या या आवरणांना मराठी परिभाषेत दृढतानिका, जालतानिका आणि मृदुतानिका म्हणतात.

या आवरणांना सूज आली की तो मस्तिष्कावरणशोथ, म्हणजेच मेनिन्जायटिस. सूज प्रत्यक्ष मेंदूलाच आली तर तो मस्तिष्कशोथ, एन्सेफलायटिस. आपण बोलताना दोहोंनाही मेंदूज्वरच म्हणतो. त्यातही आवरणांची सूज कोणी जिवाणूंमुळे येते, कोणी क्षयाच्या जंतूंमुळे, तर पुष्कळदा विषाणूंमुळे. एकाच नावाखाली इतके वेगळे आजार आपण एकत्र बांधतो आणि त्या सर्वांना सारखेच भितो. वास्तविक यांपैकी एक तासातासाने जीव पोखरणारा आहे, दुसरा आठवड्याआठवड्याने, आणि तिसरा बहुधा आपण होऊन बरा होणारा.

तो तिसरा म्हणजे विषाणूजन्य मेनिन्जायटिस. ‘व्हायरस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ विष; आपला ‘विष’ शब्द आणि तो एकाच कुळातले. नाव असे भयंकर असले तरी या आजाराचा स्वभाव पुष्कळसा सौम्य आहे. स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ आर्विड वॉलग्रेन यांनी १९२५ साली असे रुग्ण वर्णन केले की, ज्यांना मेनिन्जायटिसची सर्व लक्षणे होती, परंतु पाठीच्या पाण्यात जिवाणू सापडले नाहीत आणि जे उपचारावाचूनच बरे झाले. पुढे विषाणू ओळखण्याच्या पद्धती निघाल्या, तेव्हा कळले की यांतील बहुतेकांच्या मागे आतड्यात वाढणारे एन्टरोव्हायरस गटातील विषाणू असतात. पोलिओचा विषाणू याच कुळातला. मात्र त्याचे हे भाऊबंद सहसा तितके क्रूर नसतात. ते मळलेल्या हातांवाटे, दूषित पाण्यावाटे, कधी खोकल्या-शिंकांवाटेही पसरतात. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा त्यांच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गालगुंडाचा विषाणूही कधीकधी मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतो.

मग विदर्भात या शब्दाची एवढी धास्ती का? तिला कारण आहे आणि ते आपल्या मातीतलेच आहे. १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले. त्यांत पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या संशोधकांना एक नवाच विषाणू आढळला. ज्या वस्तीतून तो मिळाला, तिच्या नावावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव पडले. पुढे जवळजवळ चार दशके त्याची फारशी वार्ता नव्हती. २००३ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही या विषाणूने बळी घेतले. २०२४ साली जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मस्तिष्कशोथाचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले आणि ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. हे रुग्ण मुख्यतः गुजरातमधील होते. वाळूमाशी ही त्याची वाहक. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत ती राहते. भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवणे, मुलांना मच्छरदाणीत झोपविणे हे तिच्यावरचे उपाय.

परंतु चांदीपुरा मेंदूवरच घाला घालतो. मूल काही तासांतच झटके येऊन बेशुद्ध होते. साध्या विषाणूजन्य मेनिन्जायटिसमध्ये मूल तापाने फणफणते, डोके धरून रडते, ओकते, उजेड सहन होत नाही म्हणून डोळे मिटून घेते, मान ताठते. मात्र आईला ओळखते, हाकेला ओ देते. हा फरक घरच्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे, पण त्याच्या भरवशावर घरी बसण्यासारखा मुळीच नाही. जिवाणूंचा जीवघेणा मेनिन्जायटिस आणि विषाणूंचा सौम्य मेनिन्जायटिस पहिल्या दिवशी हुबेहूब सारखे दिसू शकतात. तान्ह्या बाळाची तर मानही ताठत नाही. टाळू फुगणे, दूध न ओढणे, कण्हत किंवा किंचाळत रडणे एवढीच खूण मिळते. बाहेरून पाहून या दोहोंत निवाडा करणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. तो निवाडा त्या पाठीतल्या पाण्यावरून होतो.

काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, नळगंगेच्या बाजूच्या एका खेड्यातील नऊ वर्षांच्या मुलाला राजूर घाट चढवून बुलढाण्याला आणि तेथून पुढे एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. मी पोहोचलो तेव्हा त्याचे वडील संमतीचा कागद हातात धरून व्हरांड्यात उभे होते. सही केलेली नव्हती. मला पाहताच ते म्हणाले, “फादर, पाठीतलं पानी काढलं तर पोरगं लुळं होईन म्हनतात. आमच्या गावात एकाचं झालं.” त्यांच्या हातातला कागद घामाने ओला झाला होता. मी त्यांना घेऊन तेथील तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी घाई न करता एका कागदावर पाठीचा कणा काढला आणि आम्हा दोघांनाही समजावून सांगितले.

मज्जारज्जू कण्यातून खाली उतरते, पण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तान्ह्या बाळात थोडी खाली. सुई टोचतात ती त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. तेथे मज्जारज्जू नसतेच. तेथे असतो तो पाण्यात तरंगणाऱ्या नसांचा झुबका. त्याला लॅटिनमध्ये ‘घोड्याची शेपटी’ म्हणतात. सुई आली की या नसा बाजूला सरकतात. मोठ्या माणसाच्या शरीरात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. तपासणीला लागतात ते काही थेंब, फार तर दोन-चार मिलिलिटर. ते काही तासांत भरून निघतात. नंतर एक-दोन दिवस, क्वचित अधिक, डोके दुखू शकते. मेंदूवरचा दाब फार वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात किंवा ही तपासणी पुढे ढकलतात. जर्मनीतील हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. तेव्हापासून जगभर ती चालू आहे.

मग लुळेपणाची वार्ता आली कोठून? त्या डॉक्टरीणबाईंनी दिलेले उत्तर मला फार पटले. ही तपासणी होते ती आधीच गंभीर असलेल्यांची. त्यांतील काहींना त्या आजारानेच अपंगत्व येते. गाव मात्र सुई पाहते आणि दोष सुईला देते.

वडिलांनी सही केली. पाणी निघाले ते स्वच्छ, पारदर्शक. जिवाणूंचा आजार असता तर ते बहुधा गढूळ निघाले असते, त्यात पूपेशी दिसल्या असत्या आणि साखर घटलेली असती. या मुलाच्या पाण्यात लसिकापेशी वाढलेल्या, साखर मात्र व्यवस्थित; विषाणूचा आजार. अहवाल येईपर्यंत खबरदारी म्हणून प्रतिजैविके चालू होती, कारण जिवाणूंचा संशय असताना अहवालाची वाट पाहत औषध थांबविणे धोक्याचे असते. निदान झाल्यावर ती बंद केली. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. यावर सलाईन, तापाचे व डोकेदुखीचे औषध, काळोखी शांत खोली आणि विश्रांती एवढाच उपचार. लहान मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये, हेही त्यांनी बजावले. नागिणीच्या जवळच्या हर्पिस विषाणूने मेंदूच सुजल्याची शंका आली, तर मात्र असायक्लोव्हिर हे खास औषध शिरेतून तातडीने द्यावे लागते. मुलगा आठव्या दिवशी घरी आला. पुढे दोन-तीन आठवडे तो लवकर थकत असे, एवढेच.

दुसऱ्या एका घराची गोष्ट लिहिताना मन जड होते. त्यांच्या मुलीला दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी आणि चिडचिड होती. पाणी काढायचे म्हटल्यावर आजीने हंबरडा फोडला आणि कुटुंब मुलीला घेऊन परतले. अंगारे झाले, ओळखीचे उपचार झाले. तीन आठवड्यांनी ती शुद्ध हरपलेल्या स्थितीत पुन्हा रुग्णालयात पोहोचली, तेव्हा पाणी तपासले गेले. तो क्षयाचा मेनिन्जायटिस होता. वर्षभर औषधे चालली, मुलगी वाचली, पण तिचे ऐकणे गेले. ती आजी तिला आजही जवळ घेऊन बोलते आणि मग आठवते की हिला ऐकू येत नाही. त्या घरातील कोणालाही मी कधी दोष दिलेला नाही. त्यांनी केले ते प्रेमापोटी, चुकीच्या भीतीने.

प्रेमाला माहितीची जोड हवी, एवढेच मला सांगायचे आहे. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि बीसीजी या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. जिवाणूंच्या व क्षयाच्या मेनिन्जायटिसपासून त्या मुलांना बरेच संरक्षण देतात. सरकारी एम.आर. लस गोवर व रुबेलासाठी असते, गालगुंडासाठी एम.एम.आर. लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. ताप, ओकारी आणि डोकेदुखी एकत्र आली, मूल गुंगीत गेले, झटका आला, किंवा तान्हे बाळ दूध ओढेना, तर रात्र असो वा पाऊस, सकाळची वाट पाहू नये.

आणि डॉक्टरांनी कागद पुढे केला तर घाबरून मागे फिरू नये. त्यांना विचारावे: आपल्याला कशाची शंका आहे? पाण्यातून काय कळेल? अहवाल येईपर्यंत कोणते औषध चालू राहील? हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि चांगले डॉक्टर त्याची उत्तरे देतात. ती ऐकून घ्यावीत, मग सही करावी. बहुधा पाणी स्वच्छच निघेल आणि मूल आठवड्याभरात अंगणात खेळेल. गढूळ निघाले, तर ते वेळेवर कळले म्हणून आपण देवाचे आभार मानू.